नरड्यावरचं दार

नेझा डोंगर ओलांडून माहेरी आली तेव्हा सकाळचे सात वाजले होते, आणि आज भांडायचंच, हे तिनं गाडीतून उतरायच्या आधीच ठरवलं होतं. अडचण एवढीच होती की आज भांडायला बंदी होती.

ब्रेगारांच्या घरात माशांच्या दिवशी भांडत नाहीत. आमचं तळं पावसाळी दिवसांत, ऑक्टोबरात येतं आणि उन्हाळ्यात जमिनीखाली निघून जातं. याचं आमच्याकडे कुणाला नवल वाटत नाही. ते गेलं की त्याच्या तळाशी गवत उगवतं, लोक कापून नेतात आणि पुन्हा तळ्याची वाट बघतात. जाताना मात्र ते थोडे मासे डबक्यांत विसरून जातं. ते टपांत भरून, ज्यातलं पाणी कधी जात नाही त्या डोहात नेऊन सोडायचे, एवढंच त्या दिवसाचं काम. घरातलं सगळ्यांत वडीलधारं माणूस सकाळी रिकामा टप बडवतं, ज्याच्या कानी तो आवाज किंवा निरोप जाईल त्या ब्रेगारानं यायचं, आणि शेवटचा टप रिकामा होईपर्यंत कुणी कुणाचं उणंदुणं काढायचं नाही. चार पिढ्यांत हा नियम कुणी मोडला नव्हता. मोडायची इच्छा मात्र दर वर्षी एखाद्याला तरी होतच असे.

अंगणात तोंच्का आत्या पायऱ्यांवर बसून गुडघ्याएवढे रबरी बूट चढवत होती. एकोणऐंशी वर्षांची बाई, पण तळ्यातलं गवत अजून स्वतः कापायची आणि शेजाऱ्यांच्या विळ्यांना नावं ठेवायची.

"आलीस? आणि तोंड असं का? नासलं दूध प्यायल्यासारखं?"

"आत्या, आमचा झरा आटतोय."

"जुलै आहे बाई. जुलैत सगळंच आटतं. मी पण आटलेय."

"आटणं मला कळतं. बावीस वर्षं त्या झऱ्याला खेटून राहतेय. उन्हाळ्यात तो दिवसाला बोटभर उतरतो. या गुरुवारपासून हातभर उतरलाय. काल अग्निशामक दलाची गाडी पाणी घेऊन आली गावात. माझ्या गाई रात्रंदिवस हंबरताहेत."

आत्यानं दुसरा बूट हातातच धरला. आमच्या तळ्याचं पाणी जिथे जमिनीत शिरतं त्या गुहेला आम्ही नरडं म्हणतो, आणि नरड्यात गेलेलं पाणी डोंगराखालून दीड दिवस चालत नेझाच्या सासरच्या गावी, स्तुदेंकात, वर येतं. नेझा शाळेत असताना मास्तरांनी नरड्यात हिरवा रंग ओतून ते सगळ्यांना दाखवून दिलं होतं. त्या वेळी स्तुदेंकातल्या बायकांचे धुतलेले परकर हिरवे झाले आणि मास्तरांना महिनाभर त्या गावातून जाता येईना.

"तुला म्हणायचंय काय?" आत्यानं विचारलं.

"मला म्हणायचंय की कुणीतरी नरड्यावरचं दार खाली पाडून पाणी अडवलंय. आणि कोण महिनाभर 'दार पाडा, दार पाडा' करतंय, ते तुलाही माहीत आहे."

"विंको." आत्यानं भाच्याच्या नावानं सुस्कारा सोडला. "बरं. शेवटचा टप रिकामा होऊ दे. मग बोल त्याला काय बोलायचंय ते. मी तुझ्या बाजूनं बोलेन. तोवर ओठ शिवून घे."

"आत्या, तिकडे गाई..."

"तोवर, म्हटलं ना."

* * *

नरड्यासमोरची भिंत आमच्या गावात सगळ्यांनी पाहिलेली आहे, म्हणून तिच्याकडे आता कुणी बघत नाही. अडुसष्ट साली ती उभी राहिली. लोव्रेन्त्स ब्रेगार तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता, अंगात रग होती, आणि तळं दर वर्षी पळून जातं ही गोष्ट त्याला अपमानासारखी वाटायची. त्यानं घरोघरी जाऊन माणसं उठवली. गुहेच्या तोंडावर सिमेंटची भिंत घालायची, मध्ये लोखंडी दार बसवायचं, चाक फिरवून ते खाली सोडायचं, की तळं बारा महिने आपलं. होड्या येतील, पाहुणे येतील, हॉटेल होईल. सगळं गाव राबलं. दार खाली गेलं त्या दिवशी बँड वाजला होता.

दोन उन्हाळे तळं राहिलं. गवत सडलं, जनावरांनी त्याला तोंड लावलं नाही. तिसऱ्या वसंतात पाणी लोकांच्या तळघरांत शिरलं आणि बटाट्यांची पोती तरंगायला लागली, तेव्हा गावानंच येऊन दार वर उचललं. त्याच दोन वर्षांत पलीकडे स्तुदेंकाचा झरा आटला आणि तिथली चक्की बंद पडली. लोव्रेन्त्स त्यावर आयुष्यभर एकच वाक्य बोलत आला: "ती दोन वर्षं दुष्काळाचीच होती." घरात त्याच्याशी कुणी वाद घातला नाही. त्याची बायको जिवंत असताना एकदा म्हणाली होती, की आमच्याकडे दुष्काळ चाक फिरवून येतो. तो तीन दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

आता तो चौऱ्याऐंशी वर्षांचा होता आणि काठावर खुर्चीत बसला होता. गेल्या वर्षापासून त्याला खुर्ची मिळाली होती. मुलगा विंको ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून टप उतरवत होता, सून दारिंका त्यांत पाणी भरत होती. नेझा काठावर आली, वडिलांच्या गालाला गाल लावला, आणि तळ्याकडे पाहून जागच्या जागी थांबली.

भिंतीपुढे या दिवसांत चिखल असायला हवा होता. तिथे गुडघाभर पाणी होतं. सपाट, कोमट, दूरपर्यंत पसरलेलं. आणि त्या पाण्यात मासे होते. दर वर्षीसारखे चार डबक्यांत चार नव्हेत, तर सगळीकडे. लांब जबड्यांच्या श्चूका, गुबगुबीत लिंज, सगळे तोंडं वर करून हवा ओढत होते.

"इतके कधीच नव्हते अडकले," विंको म्हणाला. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. "कसं काय झालं यंदा, देव जाणे."

नेझाला कसं काय झालं ते कळत होतं. पाणी उतरायला लागलं की माशाला ते कळतं. तो पोटाखालचा चिखल जवळ येताना ओळखतो आणि वेळेवर डोहाकडे सरकतो. पण पाणी उतरता उतरता मध्येच थांबलं, तर मासाही थांबतो. त्याला वाटतं, झालं, एवढंच उतरायचं होतं. मग ऊन वर चढतं, पाणी तापतं, आणि डोहाची वाट मध्येच कोरडी पडलेली असते. माशाला फसवायला जाळं लागत नाही, थांबलेलं पाणी पुरतं.

तिनं भावाकडे बघितलं. विंकोनं नजर दुसरीकडे वळवली आणि टपाचा दुसरा कान धरायला तिला खुणावलं. त्याच्या होड्या काठाच्या गवतात उताण्या पडल्या होत्या आणि पाहुणेघराच्या अंगणातल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. ल्युब्लियानाचे आणि त्रिएस्तेचे लोक तळं बघायला येतात, गवत बघायला नाही, असं तो जूनपासून सांगत सुटला होता.

तिनं ओठ शिवले आणि टप धरला.

* * *

दुपारपर्यंत त्यांनी चाळीसएक टप डोहात रिकामे केले. तरी पाण्यातली तोंडं कमी झाल्यासारखी दिसेनात. दारिंकानं काठावर चादर पसरली, कुट्टूच्या पिठाची घट्ट उकड मांडली, त्यावर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घातले, आणि आंबट दुधाचं भांडं फिरवलं. माशांच्या दिवशी हेच खातात. मासे खात नाहीत, हे सांगायला नकोच.

दारिंकाला सकाळपासून कळत होतं की काहीतरी बिनसलंय. नणंद दर वर्षी येताना सफरचंदांचा केक आणते आणि तो कसा फसला याची गोष्ट सांगते. आज केकही नव्हता आणि गोष्टही नव्हती. आणि दारिंकाच्या मनात मंगळवारपासून एक गोष्ट घर करून बसली होती. मंगळवारी विंको दुपारभर गायब होता आणि मांड्यांपर्यंत चिखलानं माखून आला होता. तिनं विचारलं तर "काम होतं" म्हणाला. वीस वर्षांच्या संसारात "काम होतं" याचा अर्थ तिला पक्का कळला होता: विचारू नकोस.

नेझानं दोन घास खाल्ले आणि ताट खाली ठेवलं.

"दादा, दार कधी पाडलंस?"

आत्यानं चमचा ताटावर आपटला. "नेझा! अजून मासे बाकी आहेत."

"मासे बाकी आहेत म्हणूनच विचारतेय. हे सगळे मासे दारानं अडकवलेत. मी आयुष्यात नियम मोडला नाही, आत्या, आज मोडते. तिकडे आमच्या झऱ्यावर बायका कॅन घेऊन रांगेत उभ्या आहेत. आणि इकडे हा माझ्याबरोबर टप उचलतोय, जसं काही झालंच नाही!"

"मी दाराला हात लावलेला नाही," विंको म्हणाला.

"महिनाभर कोण म्हणत होतं?"

"म्हणत होतो! म्हणणं म्हणजे करणं का? मी तर असंही म्हणत होतो की तुझ्या नवऱ्यानं मिशी काढावी. जाऊन काढली का मी?"

"हसण्यावारी नेऊ नकोस."

"अगं, मी खरं सांगतोय!"

मग दारिंका बोलली. तिला बोलायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. "मंगळवारी कुठे होतास तू?"

विंकोनं तिच्याकडे असं पाहिलं, की तिला शब्द परत गिळावेसे वाटले. बायको आपल्याविरुद्ध उभी राहिल्याचं दुःख माणसाच्या चेहऱ्यावर लपत नाही.

"होड्या ओढत होतो," तो म्हणाला. "एकट्यानं. सहाच्या सहा. चिखलातून काठावर. कारण तळं चाललं होतं आणि पुढच्या वर्षीपर्यंत काही खरं नव्हतं. आणि मला रडू येत होतं, म्हणून कुणाला बोलावलं नाही. झालं समाधान?"

लांब कुठेतरी एक श्चूका पाण्यावर आपटली.

"हा खोटं बोलत नाही," तोंच्का आत्या शेवटी म्हणाली. "त्याला येतच नाही. लहानपणी कोंबडीची अंडी चोरायचा आणि खिशात फोडून घरी यायचा. ते पोर दार पाडून पाच दिवस गप्प बसेल? पहिल्याच संध्याकाळी भिंतीवर होडी रंगवून आलं असतं." तिनं हात पुसले. "आणि तुम्ही सगळे एक गोष्ट विसरताय. चाक फिरवायचा दांडा कुणाच्या खोलीत असतो?"

एकेक करून सगळ्यांच्या माना खुर्चीकडे वळल्या.

* * *

लोव्रेन्त्सनं अर्धं ताट संपवलं होतं. मुलाला बोल बसत असताना त्यानं अर्धं ताट खाल्लं, हे त्याला स्वतःलाच आता ताटात दिसत होतं. तो घाबरट माणूस नव्हता. सत्ताविसाव्या वर्षी त्यानं सगळं गाव आपल्या मागे चालवलं होतं. पण बोलायचं म्हणून तोंड उघडलं, की मागच्या पन्नास-पंचावन्न वर्षांचं सगळं बाहेर येईल अशी धास्ती त्याला वाटत होती, आणि तो घास पुढे ढकलत राहिला.

"मी पाडलं," तो म्हणाला.

"बाबा!" नेझा म्हणाली.

"मंगळवारी सकाळी. तुम्ही सगळे कामाला गेलात तेव्हा." त्यानं ताट गवतावर ठेवलं. "गेल्या वर्षी तुम्ही मला खुर्ची दिलीत. टप उचलू नका म्हणालात. मी इथे बसून तुम्हाला मासे उचलताना पाहिलं आणि सबंध हिवाळाभर तेच बघत राहिलो. मला वाटलं, या वर्षी पाणी राहू दे. मासे राहू देत पाण्यात. कुणाला काही उचलायला नको. माझी भिंत एकदा तरी कुणाच्या कामाला येईल."

"आणि स्तुदेंका? तिकडचा विचारच नाही आला?"

"आला. बुधवारी आला. बुधवारीच वर करायला गेलो." तो आपल्या तळहातांकडे बघत होता. डाव्या हाताची कातडी सोललेली होती, आणि पाच दिवस त्यानं ती खिशात लपवली होती. "चाक नुसतंच फिरतंय. आटे गेलेत. दार जागचं हलत नाही. गुरुवारी पुन्हा गेलो, शुक्रवारी पुन्हा."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"नाही."

विंको उभा राहिला. "आणि आत्ता मी शिव्या खात होतो, माझी बायको मला कुठे होतास विचारत होती, ते तुम्ही ऐकत बसलात? खात बसलात?"

"हो."

"नुसतं 'हो'?"

"दुसरं काय सांगू? खात बसलो. चूक झाली. तुझी मी मनापासून माफी मागतो, विंको."

ब्रेगारांच्या घरात "माफी" हा शब्द भांड्यांच्या कपाटात जपून ठेवलेल्या चिनी कपांसारखा होता. सगळ्यांना माहीत होतं की आहे, पण बाहेर काढलेला कुणी पाहिला नव्हता. विंकोचा राग तिथल्या तिथे अडखळला. तो काठापर्यंत चालत गेला, उताण्या होडीला एक लाथ मारली, पाय चोळत परत आला.

"तोडायला लागेल," तो म्हणाला.

"तोडलं की परत बसणार नाही," दारिंका हळूच म्हणाली. नवरा कशाला मुकणार आहे ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. सकाळपर्यंत त्याच्या मनात आशा तरी होती, की कधी ना कधी गाव ऐकेल आणि दार खाली येईल.

"नकोच बसायला." विंकोनं पाण्यातल्या तोंडांकडे हात केला. "हे बघ ना. मला वाटत होतं पाणी थांबवलं की मासे वाचतील. मीही हेच केलं असतं, नेझा. हातात दांडा असता तर मीच केलं असतं. बाबांनी माझ्या आधी केलं, एवढंच." तो दारिंकाकडे वळला. "तळं जाताना बघायला यायला सांगू लोकांना. येतील ते येतील. टप उचलायला लावू त्यांना."

"पाहुण्यांना?"

"का? हवापालट होईल."

दारिंका हसली आणि तिनं त्याच्या पाठीवरचा चिखल हातानं झटकला. त्या दोघांचं तेवढ्यावरच मिटलं.

"आत्ता तोडूया," नेझा म्हणाली. "दीड दिवस लागतो पाण्याला. आत्ता सोडलं तर उद्या रात्री पोचेल."

"आत्ता नाही." लोव्रेन्त्स खुर्चीतून उठला होता. "दार एकदम निघालं की पाणी मासे ओढून नरड्यात नेईल. हे उचलून झाल्याशिवाय हात लावायचा नाही."

"माझ्या गाई, बाबा!"

"माहीत आहे. तुझ्या गाई माझ्यामुळे तहानल्यात आणि हे मासे माझ्यामुळे अडकलेत. दोन्हींपैकी एकाला वाऱ्यावर सोडायला सांगू नकोस मला. माणसं वाढव. तोंच्के, तुझे गवतवाले कुठे आहेत?"

आत्या आधीच फोन कानाला लावून ओरडत होती. तळ्याचे मासेवाले आणि तळ्याचे गवतवाले यांचं गावात पिढ्यान्‌पिढ्या वाकडं. एकाला पाणी हवं, दुसऱ्याला ते जायला हवं. तरी अर्ध्या तासात दहा-बारा गवतवाले विळे घरी ठेवून, टप आणि अंघोळीच्या बादल्या घेऊन आले. एक जण तर बाळाचा न्हाणीचा टप घेऊन आला होता, त्यावर बदकं रंगवलेली होती.

"ब्रेगारांनी बोलावलं आणि तेही मदतीला!" त्यातला एक ओरडला. "आत्याबाई, उद्या बर्फ पडणार बहुतेक."

"तू मासे उचल, हवामान मी बघते," आत्या म्हणाली.

नेझानं पाहिलं तेव्हा वडील पाण्यात उतरले होते. तिनं "खुर्ची" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते टप उचलत नव्हते. ते पाण्यात वाकून, सोललेल्या हातानिशी मासे एकेक करून टपांत ठेवत होते. श्चूकेच्या दातांनी बोट फाटलं तरी त्यांनी हात काढला नाही. पाण्यात पाय रोवून उभं राहिल्यावर ते खुर्चीतल्यापेक्षा उंच दिसत होते. नेझाचा राग अजून गेला नव्हता, पण तिला त्यांचं फार वाईटही वाटत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी वाटणं किती कष्टाचं असतं हे तिला त्या दुपारी कळलं.

* * *

साडेचारला शेवटचा टप डोहात रिकामा झाला. बदकांच्या टपातला एक थोराड लिंज सगळ्यांत शेवटी गेला, थोडा वेळ काठाशी घुटमळला, मग खोल उतरला. आता भांडायची मोकळीक होती, पण कुणाच्या अंगात ताकद उरली नव्हती.

विंकोनं मोठा घण आणला. भिंतीवर चढून त्यानं दाराच्या चौकटीवर तीन-चार घाव घातले. सिमेंटला ओरखडाही आला नाही.

"तिथे नको," लोव्रेन्त्स खालून ओरडला. "डावीकडे. खालचा कोपरा."

"तिथे तर सगळ्यांत जाड आहे!"

"दिसायला. शेवटच्या दिवशी सिमेंट कमी पडलं होतं. बँडवाले येऊन बसले होते. मी रेतीच जास्त भरली."

सगळा काठ हसायला लागला. तोंच्का आत्याला तर हसून हसून खोकला लागला. लोव्रेन्त्ससुद्धा हसला, ओशाळून. पंचावन्नाहून अधिक वर्षं गाव ज्या भिंतीला मजबूत म्हणत आलं होतं, तिच्या डाव्या कोपऱ्यात निम्मी रेती होती, आणि हे एवढा काळ फक्त एका माणसाला माहीत होतं.

सहाव्या घावाला कोपरा ढासळला. दार तिरकं झालं, करकरलं, आणि पाण्यानं ते पाठीमागून ढकलून गुहेत पाडलं. मग नरड्यानं पाणी प्यायला सुरुवात केली. हा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून उपयोग नाही. आमच्याकडची लहान मुलंसुद्धा तो ऐकताना गप्प बसतात. पाणी तळभर सरकू लागलं, गवताची आडवी पडलेली पाती एकाच दिशेला वळली, आणि हळूहळू चिखल उघडा पडत गेला.

विंको भिंतीवरून उतरला आणि वडिलांच्या शेजारी उभा राहिला. मग विंकोनं खिशातून प्लमच्या दारूची चपटी बाटली काढली, आधी वडिलांना दिली.

लोव्रेन्त्सनं एक घोट घेतला, तोंड पुसलं आणि नेझाकडे वळला.

"गाडीत जागा आहे?"

"कुठे जायचंय?"

"तुमच्याकडे."

"आज? बाबा, तुम्ही ओलेचिंब आहात."

"परवा जा," विंको म्हणाला. "पाणी परवा सकाळपर्यंत पोचेल. लोक खुशीत असतील. तेव्हा जाऊन सांगा काय सांगायचं ते. हातावर गोडधोडही ठेवतील."

"म्हणूनच आज," लोव्रेन्त्स म्हणाला. "मला पाण्याच्या आधी पोचायचंय."

* * *

स्तुदेंका डोंगराच्या पलीकडे आहे. गाडीनं पंचवीस मिनिटं. वाटेत नेझानं दोनदा विचार केला, की अडुसष्टची गोष्ट काढावी. ते नेहमीचं वाक्य ती लहानपणापासून ऐकत आली होती आणि सासरी त्या वाक्यावरून तिनं बावीस वर्षं टोमणे खाल्ले होते. "काय गं ब्रेगारीण, तुमच्याकडे दुष्काळ कसा आहे?" दोन्ही वेळा तिनं तोंड मिटलं. वडील खिडकीतून डोंगराकडे बघत होते. पाणी आता कुठवर आलं असेल याचा हिशोब करत असावेत असं तिला वाटलं.

झऱ्यापाशी ऊन अजून होतं. खडकातून करंगळीएवढी धार येत होती आणि वीसेक माणसं कॅन, बादल्या, दुधाची भांडी घेऊन रांगेत उभी होती. रांगेच्या पुढच्या टोकाला चक्कीवाली उर्शा होती. ऐंशी पार केलेली, काठी टेकून, कॅन पायाशी ठेवून. तिच्या नवऱ्याची चक्की अडुसष्टनंतर पुन्हा फिरली नाही. नेझाची ती शेजारीण, आणि टोमण्यांमध्ये सगळ्यांत पुढे तीच.

लोव्रेन्त्स गाडीतून उतरला. त्याच्या पँटचा चिखल वाळून पांढरा पडला होता, बोटाला दारिंकानं बांधलेला फडका होता. त्यानं टोपी काढली. नेझा त्याच्यासोबत चार पावलं गेली आणि मग मागे थांबली. हे त्याचं त्यालाच करू द्यायला हवं होतं.

"मी पलीकडचा. लोव्रेन्त्स ब्रेगार," तो म्हणाला. आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. "तुमचं पाणी मी अडवलं होतं. मंगळवारी मी दार पाडलं. पुन्हा उचलता आलं नाही आणि लाजेनं मी कुणाला सांगितलं नाही. आज ते दार तोडलंय, आता कधीच बसणार नाही. पाणी निघालंय. परवा सकाळपर्यंत येईल. तोवर तुम्हाला जो त्रास झाला, त्याची माफी मागायला आलोय."

कुणीतरी मागून एक शिवी हासडली. कुणीतरी त्याला गप्प केलं. बाकी नुसती धारेची बारीक टपटप ऐकू येत होती.

उर्शानं त्याला वरपासून खालपर्यंत निरखलं. घाई करायचं तिला काही कारण नव्हतं.

"ही माफी या आठवड्याची आहे," तिनं विचारलं, "का अडुसष्टचीही?"

ते जुनं वाक्य नेझाला वडिलांच्या ओठांवर येताना दिसलं. तोंड त्या वाक्याच्या सवयीनं उघडलंही. मग त्यांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"दोन्हींची," लोव्रेन्त्स म्हणाला. "तेव्हाही दुष्काळ नव्हता. दारच होतं."

उर्शानं मान हलवली. वाकून तिनं पायाशी ठेवलेला रिकामा कॅन उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"मग माझी जागा धर," ती म्हणाली, आणि काठी टेकत बाजूच्या दगडी कट्ट्याकडे निघाली. "मला जरा बसू दे. अडुसष्टपासून उभी आहे मी."